स्वतःच घडवलेली राजचिन्हे खरवडणारा कारागीर : रीझनेर आणि नवअभिजात फर्निचर

१/
इ.स. १७९४. सोळाव्या लुईचा शिरच्छेद होऊन वर्ष लोटले आहे. त्याच्या मागोमाग राणी मारी आंत्वानेतही गिलोटिनखाली गेली आहे. अशा वेळी साठीला पोहोचलेल्या एका कारागिरावर क्रांतिकारी सरकारने एक कामगिरी सोपवली. राजवाड्यातील फर्निचरवर राजेशाहीच्या ज्या ज्या खुणा असतील, त्या काढून टाकायच्या : मुकुट, लिलीची फुले, एकमेकांत गुंफलेली ‘एल’ ही अक्षरे. यातले कित्येक नग त्याच कारागिराच्या कर्मशाळेतून बाहेर पडले होते. त्याचे नाव ज्याँ-आंरी रीझनेर.

२/
युरोपच्या इतिहासात ज्या शैलीला ‘निओक्लासिकल’ किंवा नवअभिजात म्हणतात, तिचा उदय, वैभव आणि रूपांतर हे सारे या एका माणसाच्या हयातीत घडले. वास्तुकला आणि चित्रकला यांच्या अंगाने या शैलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मेज, खुर्ची, खणांचे कपाट यांच्याकडे मात्र इतिहासाचे विद्यार्थी सहसा वळत नाहीत. वास्तविक एखाद्या काळाची आवडनिवड, तिजोरी आणि श्रमव्यवस्था ही तिन्ही एकत्र पाहायची, तर फर्निचरइतके सोयीचे साधन विरळाच.

३/
आधी या शैलीपूर्वी काय होते ते पाहू. पंधराव्या लुईच्या अमदानीत फ्रान्समध्ये रोकोको शैलीचा अंमल होता. सरळ रेषा तिला जणू वर्ज्य होती. खुर्चीचे पाय नागमोडी वळत, खणांच्या कपाटाचे पोट पुढे फुगलेले असे, त्यावरचा पितळी साज शिंपले, लाटा आणि वेली यांच्या आकारांत उधळलेला असे. आणि डावी बाजू उजवीसारखी असलीच पाहिजे असा आग्रह नसे. अशा फुगीर आकाराला फ्रेंचमध्ये ‘बाँबे’ म्हणतात. आपल्या मुंबईचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे.

४/
या वळणांचा वीट येऊ लागला होताच. त्यात नेपल्सजवळच्या उत्खननांच्या वार्ता येऊ लागल्या. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. नेपल्सच्या दरबाराने १७५७ पासून तिथल्या सापडीचे भव्य चित्रग्रंथ छापायला घेतले. जर्मन अभ्यासक विंकेलमान याने १७५५ च्या आपल्या पुस्तिकेत ग्रीक कलेचे अनुकरण हाच श्रेष्ठत्वाचा मार्ग असल्याचे प्रतिपादन केले. युरोपातील धनिकांची मुले इटलीच्या वारीला निघत आणि परतताना नकाशे, रेखाटने व मूर्तींचे तुकडे घेऊन येत.

५/
फ्रान्समधून गेलेल्या एका मंडळीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्या धाकट्या भावाला पुढे राजकीय बांधकाम खात्याचे प्रमुखपद मिळायचे होते. त्याची दृष्टी तयार व्हावी म्हणून १७४९ ते १७५१ या काळात त्याला इटलीला पाठवण्यात आले. सोबत वास्तुकार सुफ्लो आणि खोदचित्रकार कोशें होते. रुची घडवण्यासाठी सरकारी पातळीवरून काढलेली ही शैक्षणिक सहलच होती.

६/
या नव्या रुचीचे फ्रेंच फर्निचरमधले पहिले मोठे उदाहरण म्हणजे लालीव्ह द जुली या धनाढ्य संग्राहकाने १७५० च्या दशकाच्या उत्तरार्धात करवून घेतलेले लेखनमेज. आराखडा ल लोरें या चित्रकाराचा. काळ्याभोर आबनुसावर जाडजूड पितळी तोरणे, चौकोनी ठाशीव पाय, ग्रीक पद्धतीची कोनाकोनांची किनार. हे मेज आज शांतिईच्या संग्रहालयात आहे. ते देखणे आहे असे म्हणवत नाही. एखादे थडगे बैठकीच्या खोलीत आणून ठेवावे, तसे ते वाटते. स्वतः कोशेंनेच पुढे या पहिल्या प्रयोगांची थट्टा केली. त्यावरची तोरणे त्याला विहिरीच्या दोरखंडांसारखी दिसली.

७/
तरीही फॅशनने जोर धरला. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये ‘ग्रीक पद्धतीचे’ हे विशेषण केशरचनेपासून नासदाणीपर्यंत कशालाही लागू लागले.

८/
येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रीकांचे आणि रोमनांचे लाकडी फर्निचर या मंडळींनी फारसे पाहिलेच नव्हते. दोन हजार वर्षांत लाकूड टिकणार किती? हर्क्युलेनियममध्ये जळून कोळसा झालेल्या काही वस्तू आकारासह राहिल्या, भिंतीवरच्या चित्रांत आणि मातीच्या कलशांवर खुर्च्या-पलंग दिसत, संगमरवरी आसने व काशाची मेजे मिळत. पण खणांचे कपाट किंवा लेखनमेज यांना प्राचीन जगात पूर्वजच नव्हते. मग कारागिरांनी काय केले? त्यांनी मंदिर उचलले. स्तंभाच्या उभ्या पन्हळी मेजाच्या पायावर आल्या, देवळाच्या माथ्यावरची शिल्पपट्टी खणांच्या वरच्या पट्टीवर उतरली, वेदीवरची फुलांची तोरणे कपाटाच्या दारावर लटकली. नवअभिजात फर्निचर हे प्राचीन फर्निचरचे पुनरुज्जीवन आहे, असे पुस्तकांत सर्रास लिहिलेले आढळते. अठराव्या शतकातल्या बहुतेक नगांच्या बाबतीत ते खरे नाही. ती वास्तुकला होती, सुताराच्या मापात आणलेली.

९/
ही शैली ओळखायची कशी? सर्वांत आधी पाय पाहावेत. ते सरळ, खाली निमुळते होत जाणारे आणि बहुधा उभ्या पन्हळी पाडलेले असतात. मग मधोमध एक काल्पनिक रेघ ओढावी. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळतील. कडा काटकोनी. अलंकरणात लॉरेलची पाने, अकँथसची पाने, बैलाच्या कवट्या, वाटोळी फुले, एकात एक गुंफलेली वर्तुळे आणि ग्रीक किनार. खुर्चीची पाठ फ्रान्समध्ये लंबगोल वा चौकोनी, इंग्लंडमध्ये ढालीच्या आकाराचीही. रोकोकोत अलंकार आणि वस्तू यांची सीमा पुसलेली असते; येथे प्रत्येक अलंकार आपापल्या चौकटीत बसलेला दिसतो.

१०/
आता रीझनेरकडे वळू. त्याचा जन्म १७३४ साली जर्मनीत एसेनजवळच्या ग्लाडबेक या गावी झाला. तरुणपणी तो पॅरिसला आला आणि ज्याँ-फ्रांस्वा ओबेन या, स्वतःही जर्मन मुलखातूनच आलेल्या, उस्तादाच्या कर्मशाळेत लागला. अठराव्या शतकातील पॅरिसच्या ‘फ्रेंच’ फर्निचरचा मोठा भाग अशा स्थलांतरितांच्या हातचा आहे. ओबेन, रीझनेर, व्हाइसव्हायलर, बेनेमान, श्वेर्डफेगर ही नावेच पाहावीत.

११/
पॅरिसमधली कारागिरांची श्रेणी, म्हणजे व्यवसाय-संघ, कडक होती. भरीव लाकडात खुर्च्या, पलंग करणारे वेगळे आणि सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे बसवणारे वेगळे. या दुसऱ्या वर्गाला ‘एबेनिस्त’ म्हणत, कारण प्रारंभी ते काम ‘एबेन’ या काळ्या लाकडात चाले. आपण ज्याला आबनूस म्हणतो तो शब्द फारसीतून आला, आणि फारसीने तो ग्रीकांकडून घेतला. म्हणजे फ्रेंच ‘एबेन’ आणि मराठी ‘आबनूस’ हे दूरचे भाऊच. उस्ताद झालेल्या प्रत्येक कारागिराने आपल्या नगावर नावाचा ठसा मारावा, असा नियम होता. कोणते कपाट कोणाचे हे आज सांगता येते ते या ठशांमुळे. पितळी साजाचे ओतकाम आणि त्यावरचा मुलामा ही कामे मात्र दुसऱ्याच संघांकडे असत.

१२/
१७६० मध्ये ओबेनला पंधराव्या लुईसाठी एक लेखनमेज करण्याचे काम मिळाले. ‘ब्यूरो द्यु र्वा’, म्हणजे राजाचे मेज, या नावाने ते ओळखले जाते. परंतु १७६३ मध्ये ओबेन वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. कर्मशाळा त्याच्या विधवेने, फ्रांस्वाज-मार्गरीत हिने, चालू ठेवली. नगांवर ठसा दिवंगत नवऱ्याचाच पडत राहिला. तिच्या हाताखाली दोन कर्तबगार कारागीर होते, रीझनेर आणि लल्यो. तिने कारभार रीझनेरकडे दिला आणि पुढे त्याच्याशीच विवाह केला. लल्यो बाहेर पडला. त्याने स्वतंत्र नाव कमावले, पण व्हर्सायचे दार उघडले ते रीझनेरला. १७६८ मध्ये रीझनेर उस्ताद झाला आणि १७६९ मध्ये, कामाला आरंभ झाल्यानंतर नऊ वर्षांनी, राजाचे मेज पुरे झाले.

१३/
विधवेच्या पहिल्या संसारातील मुलगी व्हिक्त्वार. तिचा मुलगा म्हणजे विख्यात चित्रकार यूजेन देलाक्र्वा. राजाचे मेज आरंभणाऱ्याचा तो नातू आणि पुरे करणाऱ्याचा सावत्र नातू.

१४/
हे मेज दोन शैलींच्या उंबरठ्यावर उभे आहे. पाय अजून रोकोकोसारखे वळलेले आहेत. वरचा पितळी साज मात्र सममितीकडे झुकलेला. त्याचे खरे नवल आत आहे. अर्धगोल पडदा मागे सरकतो आणि लिहिण्याची जागा उघडी होते. किल्लीचा एक छोटा फेरा दिला की सारे खण एकदम मोकळे होतात किंवा बंद. राजाच्या गैरहजेरीत सेवकांना शाई भरता यावी म्हणून दौतीचे खण बाजूने, बाहेरूनच उघडतात; कागदपत्रांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. गुप्त पत्रव्यवहारात रमणाऱ्या पंधराव्या लुईची गरज यापेक्षा नेमकी कोणी भागवली असेल असे वाटत नाही. माथ्यावरचे घड्याळ दुतोंडी आहे, समोरून आणि मागूनही वेळ दिसते.

१५/
१७७४ मध्ये सोळावा लुई गादीवर आला आणि रीझनेरला राजाचा अधिकृत एबेनिस्त ही पदवी मिळाली. पुढच्या दहा वर्षांत त्याने राजघराण्याला पुरवलेल्या फर्निचरची किंमत नऊ लाख लिव्रच्या वर जाते. या काळातले त्याचे काम निखळ नवअभिजात आहे, तरीही लालीव्हच्या मेजाचा जडपणा त्यात नावालाही नाही. काटकोनी सांगाडा, मधोमध किंचित पुढे आलेला भाग, तिरक्या चौकटींची जाळी, तीत फुलांचा गुच्छ आणि त्यावर इतकी नाजूक पितळी फुले की पाकळ्या मोजाव्यात. हा साज लाकडावर बसवताना स्क्रूची डोकी दिसू नयेत, याचीही तो काळजी घेई.

१६/
त्याची पद्धत थोडक्यात अशी. सांगाडा ओकचा. त्यावर हाताने करवतून काढलेले दीड-दोन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे डिंकासारख्या सरसाने चिकटवायचे. फुले-पाने निरनिराळ्या लाकडांच्या तुकड्यांतून कापायची. हिरव्या पानांसाठी लाकूड हिरव्या रंगात भिजवायचे. पाकळीला छाया हवी असेल तर तुकड्याची एक कड तापलेल्या वाळूत धरायची, म्हणजे ती हळूहळू करपत जाते. पानांच्या शिरा टोकदार हत्याराने कोरून त्यांत काळा लेप भरायचा. आज संग्रहालयात आपल्याला जे पिवळट-तपकिरी शांत रंगाचे कपाट दिसते, ते घडले तेव्हा जांभळ्या, हिरव्या, गुलाबी रंगांनी अक्षरशः झगमगत होते.

१७/
आणि तो सोनेरी साज. त्याची किंमत केवळ लिव्रमध्ये मोजणे अपुरे होईल. पितळेवर सोने चढवण्याची तेव्हाची रीत पाऱ्याच्या मुलाम्याची होती. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो नक्षीवर कुंचल्याने लावायचा आणि नग निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोने मागे राहते. मग अकीकाने घासून चकाकी आणायची. उडून गेलेला पारा जातो तो कारागिराच्या छातीत. हात थरथरणे, दात पडणे, बुद्धिभ्रंश आणि अकाली मृत्यू हे या धंद्यात नित्याचे होते. राव्रियो नावाच्या पॅरिसच्या पितळकाराने १८१४ मध्ये मरताना मृत्युपत्रात, या विषारी वाफेपासून मुलामा देणाऱ्यांचा बचाव करणारी युक्ती शोधणाऱ्याला ३००० फ्रँकचे बक्षीस ठेवले. ते दार्से या रसायनशास्त्रज्ञाने वाफ ओढून घेणाऱ्या भट्टीच्या रचनेबद्दल मिळवले. म्हणजे रीझनेरच्या काळातील सगळा झगमगाट त्या भट्टीच्या आधीचा.

१८/
लाकडाचीही कथा वेगळी नाही. जांभळट अमरांथ गियानातून येई. महोगनी जमैका, सँ-दोमिंग आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरून. हे वृक्ष आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तोडत आणि ओढत. ग्रीक प्रजासत्ताकांच्या सद्गुणांचे गोडवे गाणारी शैली ज्या लाकडावर उभी होती, ते असे मिळत होते. १७९१ मध्ये सँ-दोमिंगच्या गुलामांनी उठाव केला. त्यातून पुढे हैती हे राष्ट्र जन्मले.

१९/
मारी आंत्वानेतला रीझनेरचे काम विशेष प्रिय होते. तिची आई मारिया तेरेसा हिच्याकडून तिला जपानी लाखकामाच्या छोट्या पेट्यांचा संग्रह वारशाने मिळाला होता. त्याला शोभेल असे एक उभे लेखन-कपाट आणि एक खणांचे कपाट रीझनेरने १७८३ मध्ये तिच्यासाठी केले. काळ्या-सोनेरी जपानी लाखेचे तक्ते, त्याभोवती आबनूस आणि फुलांचा पितळी साज. ग्रीसचा आणि जपानचा असा संसार त्या काळी कोणालाही विजोड वाटला नाही. फोंतेनब्लोच्या राजवाड्यातील तिच्या खाजगी खोलीसाठी १७८६ मध्ये त्याने मोत्याच्या शिंपल्याच्या चकत्या जडवलेले मेज घडवले. ते आजही तिथे आहे.

२०/
पण तोवर हवा पालटली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला शह देण्यासाठी फ्रान्सने पाण्यासारखा पैसा ओतला होता आणि तिजोरीत कर्जाचे डोंगर उभे होते. १७८४ मध्ये राजवाड्यांतील फर्निचर पाहणाऱ्या खात्याचा प्रमुख बदलला. नवा अधिकारी थिएरी द व्हिल-दाव्रे काटकसरीच्या आज्ञा घेऊनच आला होता. रीझनेरच्या बिलांवर बोट ठेवण्यात आले. त्याचे काम फार महाग आहे असे ठरले आणि दरबारी मागणी बेनेमानकडे वळली. राणी मात्र त्याच्याकडूनच करवून घेत राहिली.

२१/
याच सुमारास, १७८६ मध्ये, व्हेस्तिए या चित्रकाराने रीझनेरचे व्यक्तिचित्र काढले. उंची रेशमी पोशाखातला, भारदस्त, स्वतः घडवलेल्या मेजाशी बसलेला गृहस्थ. हातात हत्यार नाही, शेजारी आराखड्याचे कागद आहेत. ज्याला चित्राची पार्श्वभूमी ठाऊक नाही त्याला हा एखादा सावकार वाटेल. राजाची मागणी हातून गेल्यानंतरचे हे चित्र आहे, हे लक्षात ठेवून ते पाहावे.

२२/
इंग्लंडमध्ये हीच शैली निराळ्या वाटेने गेली. रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुकार १७५४ ते १७५८ इटलीत राहिला, अ‍ॅड्रियाटिकच्या किनाऱ्यावर स्प्लिट येथील डायोक्लेशियन सम्राटाच्या प्रासादाची मोजमापे घेतली आणि १७६४ मध्ये त्यावर भव्य ग्रंथ काढला. परतल्यावर तो घराचे छत, गालिचा, दाराची मूठ आणि खुर्ची सगळे एकाच हाताने रेखाटू लागला. चिपेंडेल या नामांकित कारागिराने हेअरवुड हाउससाठी केलेले काम याच रुचीचे. पुढे हेपलव्हाइटचे नमुनापुस्तक १७८८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने प्रसिद्ध केले, आणि शेरेटनचे १७९१ पासून भागाभागाने आले. हेपलव्हाइटच्या स्वतःच्या हातची म्हणून खात्रीने सांगता येईल अशी एकही वस्तू उपलब्ध नाही, तरी जगभरच्या दुकानांत ‘हेपलव्हाइट’ खुर्च्या विकल्या जातात. छापील पुस्तकाची ताकद ती.

२३/
अशा नमुन्यांच्याच वाटेने ही शैली भारतात आली. विशाखापट्टणमचे कारागीर इंग्रजी घाटाच्या पेट्या, मेजे व खुर्च्यांवर हस्तिदंत जडवत आणि हस्तिदंतात कोरलेल्या रेषांत काळी लाख भरत. आकार लंडनचा, वेलबुट्टी आंध्रची. मुंबईत या ग्रीक वेडाची सर्वांत ठळक खूण म्हणजे १८३३ चा टाउन हॉल, आजच्या एशियाटिक सोसायटीची इमारत. तिच्या पायऱ्यांवर बसून समोरच्या पन्हळी पाडलेल्या स्तंभांकडे पाहिले, की रीझनेरच्या मेजाचे पाय कुठून आले ते कळते.

२४/
पुन्हा पॅरिस. १७८९ ला क्रांती झाली. १७९१ मध्ये कारागिरांच्या श्रेणीच बरखास्त करण्यात आल्या. कोणीही कोणताही धंदा करावा, ठशाची सक्ती नाही, परीक्षा नाही. ज्या व्यवस्थेने एबेनिस्तांना जखडले होते, तिनेच त्यांच्या कामाचा दर्जाही राखला होता.

२५/
२५ ऑगस्ट १७९३ रोजी व्हर्सायच्या फर्निचरचा लिलाव सुरू झाला. तो ११ ऑगस्ट १७९४ पर्यंत, जवळजवळ वर्षभर, चालला. सतरा हजारांहून अधिक गट विकले गेले. राजाचे पलंग, राणीची मेजे, पडदे, आरसे, स्वयंपाकघरातली भांडी. घेणाऱ्यांत दलाल होते, परदेशी व्यापाऱ्यांचे हस्तक होते. सरकारला युद्धासाठी रोकड हवी होती. राजाच्या पलंगाला पूज्यभावाने हात लावण्याची सवय प्रजेने सोडावी, हाही हेतू त्यामागे असावा.

२६/
घेणाऱ्यांमध्ये रीझनेरही होता. स्वतःचेच काही नग त्याने परत विकत घेतले. आपले काम मातीमोल भावाने जाताना त्याला बघवले नसेल, हे कारण सहज सुचते. परंतु व्यापारी हिशेबही साधा होता. वादळ ओसरेल, श्रीमंत परततील आणि या वस्तूंना पुन्हा मोल येईल, असा त्याचा अंदाज होता. राजचिन्हे काढण्याची कामगिरी याच वर्षांतली. राजाच्या मेजावरची राजाची गुंफलेली अक्षरे निघाली आणि त्या जागी सेव्रच्या चिनीमातीच्या चकत्या बसल्या. मेज लिलावात गेले नाही.

२७/
श्रीमंत परतले, पण ते निराळे होते. त्यांना रीझनेरची फुले नको होती. या काळाचा कारागीर म्हणजे जॉर्ज जाकोब, खुर्च्यांचा उस्ताद. त्यानेही राणीसाठी काम केले होते : रांबुयेच्या तिच्या दुग्धशाळेसाठी १७८७ मध्ये महोगनीच्या ‘एट्रुस्कन’ पद्धतीच्या खुर्च्या त्याच्याच. पण चित्रकार जाक-लुई दाव्हीद याच्यासाठीही त्याने प्राचीन कलशांवरच्या चित्रांबरहुकूम आसने घडवली होती आणि ती दाव्हीदच्या चित्रांत दिसतात. क्रांतीत दाव्हीद प्रबळ झाला; त्याचे छत्र जाकोबला लाभले. राष्ट्रीय परिषदेच्या सभागृहाचे फर्निचर जाकोबने केले, पेर्सिए आणि फोंतेन या तरुण वास्तुकारांच्या आराखड्यांवरून. राजाच्या आणि त्याला मृत्युदंड देणाऱ्यांच्या बैठकी एकाच कर्मशाळेतून आल्या.

२८/
ही नवअभिजात शैलीची दुसरी अवस्था. आता खरोखरच प्राचीन आसनांची नक्कल होऊ लागली : मागे झुकलेली पाठ, तलवारीसारखे बाहेर वळलेले पाय, एका बाजूला उंच होत गेलेला दिवाण. रंगीत जडावकाम गेले, महोगनीचे मोठाले उघडे पृष्ठभाग आले. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर स्फिंक्स व कमळे, आणि तो सम्राट झाल्यावर गरुड व मधमाश्या. इंग्लंडशी वैर विकोपाला जाऊन सागरी व्यापार खुंटला तेव्हा महोगनी मिळेना आणि फ्रेंच कारागीर एल्म, अ‍ॅश, मेपल अशा देशी फिक्या लाकडांकडे वळले. शैलीच्या इतिहासात कल्पनांना फार श्रेय दिले जाते. बंदरात जहाज आले की नाही, याला त्यामानाने फारच कमी.

२९/
रीझनेरने परत घेतलेले नग विकले गेले नाहीत. त्याने १८०१ च्या सुमारास धंदा थांबवला आणि ६ जानेवारी १८०६ रोजी तो पॅरिसमध्ये, पूर्वीच्या वैभवाच्या मानाने हलाखीत, वारला. लंडनमध्ये शेरेटनही त्याच वर्षी दारिद्र्यात गेला. नमुनापुस्तकांनी दोन खंडांवर राज्य केलेल्या त्या माणसाला स्वतःचे धड दुकानही उभारता आले नव्हते.

३०/
व्हर्सायहून विखुरलेले फर्निचर मोठ्या प्रमाणात इंग्लंडात गेले. चौथ्या जॉर्जने ते खरेदी केले; हर्टफर्डच्या चौथ्या मार्क्विसने जमवले आणि राजाच्या मेजाची हुबेहूब प्रतही करवून घेतली. त्याचा संग्रह आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. राणीची जपानी लाखेची जोडी १८८२ मध्ये हॅमिल्टन राजवाड्याच्या लिलावात पुन्हा विकली गेली आणि व्हँडरबिल्ट यांच्याकडून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचली. राजाचे मेज काही काळ लूव्रमध्ये राहून व्हर्सायला परतले आहे.

३१/
अलीकडे वॉलेस कलेक्शन, वॉडेस्डन मॅनर आणि ब्रिटिश राजसंग्रह या तिघांनी मिळून रीझनेरच्या नगांचा संशोधन-प्रकल्प हाती घेतला. नग तपासून, संगणकावर त्यांच्या त्रिमितीय प्रतिकृती तयार केल्या. सांधे, कुलपे आणि सांगाडे आतून कसे आहेत हे आता पडद्यावर पाहता येते. मूळ रंग कसे असतील याचाही अदमास त्यातून बांधता येतो. उन्हाने पहिल्यांदा उडाला तो हिरवा. वर सर्वत्र तपकिरी झालेली ती पाने, जिथे उजेड पोहोचला नाही अशा एखाद्या फटीत, अजून हिरवी सापडतात.